डी-२० वर सारखा एकच पडतोय? फासा फेकून देण्याआधी हे तपासा

दर रविवारी संध्याकाळी आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडच्या टेबलावर डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा (आपापलं पात्र घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा) खेळ सुरू होऊन तासभर झाला की कुणीतरी एक फासा माझ्यापुढे सरकवतं, बहुतेक वेळा डी-२०, म्हणजे वीस बाजूंचा. "ताई, हा खोटा आहे. बघच तू." मी दिवसा अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात असते, म्हणजे तयार झालेला माल मापात आहे की नाही ते बघते, आणि रविवारी डीएम म्हणून, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि निवाडा करणारी म्हणून, खेळ चालवते. त्यामुळे फाशांचं वैद्यपण आपसूक माझ्या गळ्यात पडलं. ही एकच तक्रार मी इतक्यांदा निस्तरली आहे की आता समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. त्यातले खरोखर खोटे निघालेले फासे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्यांचा आजार फाशात नव्हताच.

लक्षणं

तक्रारी येतात त्या साधारण अशा, खेळणाऱ्यांच्याच शब्दांत:

- "अख्ख्या सेशनमध्ये एकदाही वीस आला नाही."
- "सारखा एकच आकडा येतोय, आणि तोही एक."
- "बाराच्या वर काही जातच नाही."
- "मी टाकला की पडत नाही, हिने टाकला की पडतो."
- "गडगडतच नाही, घसरतो आणि बसतो."
- "डी-४ वर किती आले यावर दर वेळी भांडण."

आधी आमच्या टेबलावरचे चार शब्द सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. एकदा फासा टाकला की जे येतं ते दान. सारीपाटापासून चालत आलेला शब्द आहे, बदलायचं कारण नाही. बाजूला आम्ही पैलू म्हणतो. कडेला टेकून तिरका राहिलेला फासा 'लटकला'. आणि डी-२० वर नुसता एक आला, ज्याला सगळे नॅट वन म्हणतात, त्याला आमच्याकडे 'कली' म्हणतात. हा शब्द कुणाच्या डोक्यातून निघालेला नाही, जुनाच आहे. वैदिक काळात द्यूत खेळायचे ते बेहड्याच्या फळांनी. फळं चाराचाराने मोजायची. काहीच उरलं नाही तर कृत, तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर आणि एक उरला की कली, सगळ्यात वाईट दान. युगांची नावंही तीच. तेव्हा 'कली लागला' असं कुणी ओरडलं तर ते व्याकरणाने अगदी बरोबर असतं.

वारंवार कली देणारा फासा एका झाकणाच्या डबीत टाकायचा रिवाज आहे. त्याला आम्ही 'नाशिकरोडला पाठवणं' म्हणतो. बाहेरगावच्या लोकांसाठी: मध्यवर्ती कारागृह तिथे आहे. पुढच्या सगळ्या तपासण्या कुणाला विनाकारण नाशिकरोडला पाठवू नये म्हणून आहेत. क्रम फुकटाकडून खर्चाकडे आहे, तो मोडू नका.

हातात नेमका कोणता फासा आहे?

हसू नका. 'बाराच्या वर जात नाही' म्हणणारा मुलगा दीड तास डी-१२ टाकत होता. दिवे मंद केलेले, फासे एकाच जांभळ्या रंगाचे, आणि भुताच्या वाड्यात शिरल्यावर कोण पैलू मोजत बसतंय? ओळखायची खूण सोपी आहे. डी-२० चा प्रत्येक पैलू त्रिकोणी असतो, डी-१२ चा पंचकोनी. बोटाने चाचपूनही कळतं.

सात फाशांच्या संचात सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो डी-८ आणि डी-१० चा. डी-८ म्हणजे तळाला तळ चिकटवलेले दोन पिरॅमिड, पैलू सरळ त्रिकोणी. डी-१० चे पैलू पतंगासारखे, आणि मधली कड नागमोडी. डी-४, डी-६, डी-८, डी-१२ आणि डी-२० हे भूमितीतले पाच नियमित घन आहेत, ज्यांचे सगळे पैलू एकसारखे आणि समभुज असतात. डी-१० त्या घराण्यातला नाही. १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स आला त्या सुरुवातीच्या काळात दहाचं दान काढायला ० ते ९ हे आकडे दोनदा छापलेला वीस पैलूंचा फासा वापरायचे. (वीस पैलू ही त्यांचीही कल्पना नव्हे. ग्रीक अक्षरं कोरलेले असे दगडी फासे प्राचीन इजिप्तमध्ये होते, त्यातले काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.)

दुसरी गफलत जास्त महत्त्वाची. डी-२० सारखाच दिसणारा, पण पत्त्यांच्या खेळात 'लाइफ', म्हणजे खेळाडूचे उरलेले प्राण, मोजायला बनवलेला फासा मिळतो. त्याला स्पिनडाउन म्हणतात. त्याच्यावर २० च्या शेजारी १९, त्याच्या शेजारी १८, असे आकडे ओळीने उतरत जातात, म्हणजे मोजताना एकेक घर फिरवता यावा. साध्या डी-२० वर २० च्या तीन कडांना लागून २, ८ आणि १४ असतात, म्हणजे मोठे-लहान आकडे मुद्दाम विस्कटलेले. स्पिनडाउन उत्तम बनवलेला असेल आणि तुम्ही तो नीट गडगडवलात तर तोही प्रत्येक आकडा सारखाच देईल. पण त्याचा एक अर्धा भाग सगळा मोठ्या आकड्यांचा आणि दुसरा सगळा लहान आकड्यांचा आहे. जरा वजन इकडेतिकडे झालं किंवा हाताने जरा लबाडी केली, की संपूर्ण खेळच एका बाजूला झुकतो. साध्या फाशात तोच दोष २० सोबत २ आणि ८ ही वर आणतो, त्यामुळे नफा-तोटा आपापसात फिटतो. आमच्या टेबलावर स्पिनडाउन टाकायला मनाई आहे.

दान वाचता येतंय का?

डी-४ टोक वर करून बसतो, त्यामुळे 'वरचा पैलू' अशी वस्तूच नसते. तीन दिसणाऱ्या पैलूंवर जो आकडा सरळ उभा दिसतो तो तिन्हीवर एकच असतो. तेच दान. काही संचांत तो टोकापाशी छापतात, काहींत तळाच्या कडेला. दोन्ही प्रकारचे डी-४ टेबलावर आले की भांडण ठरलेलं.

डी-१० वरचा ० म्हणजे दहा. एका काकांनी, वय साठीच्या पुढे, नुकतेच खेळायला लागलेले, सहा रविवार शून्याला शून्यच धरलं आणि "माझ्या तलवारीला धारच नाही" म्हणत राहिले. फरक लहान नाही: दहा धरला तर सरासरी ५.५, शून्य धरला तर ४.५, म्हणजे दर घावाला एक कमी. शेकड्याच्या जोडीत (दोन डी-१०, एकावर ००, १०, २० असे दशक, दुसऱ्यावर एकक) ०० आणि ० एकत्र आले तर शंभर.

६ आणि ९ च्या खाली ठिपका किंवा रेघ असते, ती दिसत नसेल तर रंग उडालाय. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या खेळाच्या खोक्यांत फाशांबरोबर चक्क मेणाचा खडू यायचा. आकडे कोरलेले असायचे, रंग आपण भरायचा. तोच उपाय आजही चालतो. पांढरा मेणखडू आकड्यावर जोरात घासा, वरचं जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसून घ्या. खाचेत राहील तेवढा रंग पुरतो.

टेबल आणि हात

जमिनीवर किंवा टेबलावर एक गोटी ठेवा. ती चालायला लागली तर उतार आहे. बाल्कनीत आणि गच्चीवर पाणी निघून जावं म्हणून उतार मुद्दाम दिलेला असतो, आणि उन्हाळ्यात आपण तिथेच बसतो. आता, उतारामुळे आकडा बदलतो का? नाही. नीट गडगडलेल्या फाशाला उतार कळत नाही. त्रास वेगळाच होतो. फासे एका बाजूला जाऊन वाटीला, पुस्तकाला, कुणाच्या तरी मांडीला टेकतात आणि लटकतात. लटकलेला फासा पुन्हा टाकायचा की नाही हे माणूस आकडा बघून ठरवतो. १८ असेल तर "पडलाय ना!", ४ असेल तर "लटकला!" मग एकाच टेबलावर एकाला फासा लाभतो आणि दुसऱ्याला नाही. आमचा नियम आधीच ठरलेला आहे: लटकला की पुन्हा टाकायचा, आकडा देवाने दिलेला असला तरी.

मिठाईच्या मोठ्या खोक्याचं झाकण घ्या, आत जुन्या शालीचा किंवा फेल्टचा तुकडा चिकटवा, झाला फासे टाकायचा ट्रे. एका मुलीने घरचं ताम्हण आणलं होतं. आवाज असा की शेजारच्यांना आरती सुरू झाली वाटलं, आणि आजीने जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

'गडगडत नाही, घसरतो' ही तक्रार निव्वळ हाताची असते. बरेच जण २० वर करून फासा चिमटीत धरतात आणि टेबलापासून चार बोटांवरून सोडतात. हे टाकणं नव्हे, ठेवणं. फाशाने भिंतीला एक तरी धडक द्यावी आणि चार तरी कोलांट्या घ्याव्यात. 'मी टाकला की पडत नाही' म्हणणाऱ्याला मी आधी ट्रेच्या पलीकडच्या भिंतीवर फासा मारायला लावते. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. हे एवढं सोपं असतं म्हणूनच कुणाला पटत नाही.

धुवा

चिवड्याचं तेल, तर्री, किमतीच्या स्टिकरचा चिकटा. एका पैलूला चिकटा असेल तर तो पैलू तळाला गेला की कापडावर अडकतो आणि समोरचा आकडा वर राहतो. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ टूथब्रश. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, अॅसिटोनमध्ये अॅक्रेलिक विरघळतं; पैलू पांढुरका आणि गुळगुळीत झाला की मग फासा खरंच खोटा होतो. धातूचे फासे लगेच पुसा.

मोजा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तक्रार कायम असेल तर वही घ्या. ही तपासणी फुकट आहे, फक्त अर्धा तास जातो, आणि हिच्याशिवाय पुढे जाऊ नका. कारण आपली आठवण खोटी असते. कली लक्षात राहतो, अकरा कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आधी एक हिशोब. एका सेशनमध्ये एक जण साधारण ३० वेळा डी-२० टाकतो असं धरा. अगदी निर्दोष फाशावर ३० दानांत एकदाही २० न येण्याची शक्यता २१ टक्के आहे. आता टेबलावर पाच जण आहेत. त्यांच्यापैकी निदान एकाला तरी रात्रभर वीस न दिसण्याची शक्यता ७० टक्के. म्हणजे 'अख्ख्या सेशनमध्ये वीस नाही' अशी तक्रार बहुतेक रविवारी यायलाच हवी. येत नसेल तर मी फासे तपासेन.

पद्धत अशी. एकच फासा, ट्रेमध्ये, २०० वेळा. लटकलेलं दान सोडून द्या. प्रत्येक आकड्यापुढे पाचपाचाच्या रेघा ओढा. निर्दोष फाशावर प्रत्येक आकडा सरासरी १० वेळा यावा, पण ७ किंवा १३ आले तर त्यात काही नाही. मग प्रत्येक आकड्यासाठी १० पासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, वीसही वर्गांची बेरीज करा आणि १० ने भागा. उत्तर ३० च्या आत असेल तर फासा सोडून द्या, त्याला काही झालेलं नाही. ३० च्या वर गेलं तर संशय. ३६ च्या वर गेलं तर दाट संशय.

३० चा उंबरठा चांगल्या फाशालाही वीसातून एकदा ओलांडता येतो. म्हणून ३० च्या वर गेलं की लगेच निकाल देऊ नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा २०० दानं टाका. दोन्हींत तेच आकडे वर आले तर खरं समजा. दुसऱ्या खेपेला वेगळेच आले तर तो योगायोग होता.

माझ्याकडे आलेल्या एका निळ्या फाशाची पहिली मोजणी देते. १ आला २१ वेळा, ७ आला १७ वेळा, १३ आला १५ वेळा. १४ फक्त ५ वेळा, ८ सहा, आणि २० केवळ २ वेळा. बाकीचे आकडे दहाच्या आसपास. उत्तर ३२.६. नुसतं उत्तर बघून मी हलले नसते. पण १ च्या शेजारी कोण राहतं ते आठवा: ७, १३ आणि १९. आणि समोर २०, त्याच्या शेजारी २, ८, १४. म्हणजे इथे एखादा आकडा फुगला नव्हता, फाशाची एक अख्खी बाजू वर येत होती आणि तिच्या समोरची खाली जात होती. दुसऱ्या मोजणीतही तेच चित्र.

(फाशाच्या समोरासमोरच्या पैलूंची बेरीज ठरलेली असते: डी-६ ला ७, डी-८ ला ९, डी-१२ ला १३, डी-२० ला २१. ० ते ९ छापलेल्या डी-१० ला ९. ती जुळत नसेल तर छपाईच चुकलेली आहे, पुढे काही करायला नको. हे मोजणीच्या आधीच बघून घ्या.)

नलाची गोष्ट आठवते का? कली अंगात शिरला आणि तो द्यूतात राज्य हरला, हे सगळ्यांना माहीत असतं. सुटला कसा ते कमी जणांना आठवतं. ऋतुपर्णाने वाटेत एका बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसती बघून मोजली, नलाने ती प्रत्यक्ष मोजून ताडून पाहिली, ऋतुपर्णाकडून ती विद्या घेतली, आणि कली अंगातून निघाला. आमच्या टेबलावर मोजणीची वही जिच्याकडे असते तिला ऋतुपर्ण म्हणतात.

लहान दोष २०० दानांत सापडणार नाही, हे मान्य. पण ५ टक्क्यांऐवजी ६ टक्के येणारा आकडा म्हणजे शंभर दानांत एक जास्त, तीन-चार रविवारांत एकदा. तेवढ्यासाठी झोप घालवू नका.

मीठपाणी

लोक इथूनच सुरुवात करतात, म्हणून एवढा गोंधळ होतो. मिठाच्या पाण्यात फासा तरंगवला की जड बाजू खाली जाते, हे खरं. पण पाण्यात फाशाला कुठलाही अडथळा नसतो, त्यामुळे टेबलावर ज्याचा काडीचा परिणाम होणार नाही असा फरकही पाणी दाखवतं. मोजणीत स्वच्छ निघालेला फासा केवळ पाण्यात एकाच बाजूला वळतो म्हणून नाशिकरोडला पाठवणं हा अन्याय आहे.

मोजणीत नापास झालेल्यांसाठीच करा. एका पेल्यात साधं पाणी घ्या, मीठ घालून ढवळत राहा, तळाला मीठ विरघळायचं थांबेपर्यंत. १०० मिलिलिटरला साधारण ३६ ग्रॅम मावतं. अॅक्रेलिक पाण्यापेक्षा जड, पण संपृक्त मीठपाण्यापेक्षा किंचित हलकं असतं, म्हणून ते जेमतेम तरंगतं. मीठ कमी पडलं तर बुडतं. रेझिनचे काही फासे तरीही बुडतात. त्यांना मॅग्नेशियम सल्फेटचं पाणी लागतं, ते मिठापेक्षा जड होतं. आपल्या जिल्ह्यात ते शोधायला लागत नाही, द्राक्षबागायतदाराच्या घरी पोतं असतंच. नाहीतर कृषी सेवा केंद्रात मिळतं. साखरेचा घट्ट पाकही चालतो, पण मग मुंग्याही खेळायला येतात. धातूच्या फाशांना ही तपासणी नाही.

पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर बुडबुडे चिकटून फासा उगाच वळतो. बोटाने टिचकी मारा, स्थिर होऊ द्या, वरचा आकडा लिहा. असं दहा वेळा. आकडे बदलत राहिले तर वजन ठीक. निळ्या फाशाने दहापैकी नऊ वेळा १ दाखवला. म्हणजे २० च्या बाजूला जड, किंवा १ च्या पोटात हवेचा बुडबुडा. पारदर्शक फासा असेल तर टॉर्च मागून धरा, बुडबुडा डोळ्यांनीच दिसेल.

व्हर्नियर

आता शेवटचं. वजन ठीक, तरी मोजणीत नापास, अशा फाशाचा आकार बिघडलेला असतो. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सगळं निदान यावरच आहे. वजनाचा दोष असेल तर एक आकडा जास्त येतो आणि त्याच्या समोरचा कमी. आकाराचा दोष असेल तर समोरासमोरचे दोन्ही आकडे जास्त येतात. फासा एका दिशेने चपटा असला की तो त्या दिशेच्या दोन्ही पैलूंवर बसायला बघतो. मीठपाण्याला हा दोष कळतच नाही.

साधा डिजिटल व्हर्नियर (जबड्यांत धरून जाडी मोजायचं उपकरण) पुरतो. डी-२० च्या समोरासमोरच्या पैलूंच्या दहा जोड्या, प्रत्येक जोडी तीनदा मोजा आणि मधलं माप धरा. जबडे पैलूच्या मध्यावर, कडेवर नाही. कारखान्यात साचा उघडून निघालेले साधे फासे नंतर पॉलिशसाठी खड्यांबरोबर फिरवतात, त्यात कडा झिजतात, त्यामुळे एका दशांश मिलिमीटरचा फरक मला रोज दिसतो आणि मी तो सोडून देते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला एक अंबर रंगाचा रेझिनचा फासा मात्र ७ आणि १४ च्या दिशेने ०.४ मिलिमीटरने कमी भरला. रेझिन तापलं की मऊ होतं, आणि तो ज्या पैलूवर बसला होता तो बसूनच गेला. मोजणीत ७ आणि १४ दोन्ही वर होते. त्याच्या मालकाला ते सांगितल्यावर तो म्हणाला, "सरासरी तर साडेदहाच ना?" बरोबर होतं त्याचं. तो अजून तोच टाकतो.

इथे थांबा

फासा घासून, भोक पाडून, भरून दुरुस्त करायला जाऊ नका. मी केलंय. एका पैलूवरचा दशांश काढायला गेले आणि तीन पैलूंचे कोन बिघडवले. शिवाय रेझिनची धूळ छातीत गेलेली चांगली नाही. ओव्हन, मायक्रोवेव्ह, उकळतं पाणी, हे तर अजिबात नको. अॅक्रेलिकचा नवा संच दोघांच्या मिसळीच्या पैशात येतो.

फासा महागडा असेल, किंवा स्पर्धेत त्याच्यावरून वाद झाला असेल, तर घरातल्या व्हर्नियरवर निकाल देऊ नका. सातपूर-अंबडला टूलरूम (साचे आणि अवजारं बनवायच्या कार्यशाळा) आहेत, तिथे सरफेस प्लेट, म्हणजे अगदी सपाट पाट, आणि बारीक फरक दाखवणारा डायल असतो, आणि मिलिमीटरच्या शतांशात माप घेणारा माणूस असतो. विचारून जा, कामाच्या वेळी जाऊ नका.

टेबलावरच्या माणसावर संशय असेल तर तो फाशाचा प्रश्नच नाही. खेळ थांबवून डीएमने बाजूला बोलवून बोलावं, आणि सगळ्यांनी एकाच ट्रेमध्ये एकच फासा टाकावा.

आणि घरात लहान मूल असेल तर चमकणारे, आत बटन सेल असलेले फासे कुलपात ठेवा. मुलाने तसला फासा किंवा सेल गिळल्याचा नुसता संशय जरी आला तरी 'बघू सकाळी' म्हणू नका. त्याच क्षणी दवाखान्यात न्या. सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं.

निळा फासा मी आमच्याच टूलरूमच्या मेस्त्रींकडे नेला होता. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फासा ग्रॅनाइटच्या प्लेटवर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, वीस बाजू? आणि सगळ्या मोजायच्या?" दहाही जोड्या चार शतांशांच्या आत निघाल्या. आकारात खोट नव्हती, सगळा दोष वजनात. "कापून बघू का आत काय आहे?" मी नको म्हणाले. मालकाने तो परत घेतला नाही, मग तो तिथेच राहिला. हल्ली टूलरूममध्ये चहा कुणी सांगायचा हे त्याच्यावर ठरतं. प्रत्येकाने आपापले आकडे वाटून घेतलेत, ज्याचा आकडा पडेल त्याने पैसे द्यायचे. मेस्त्रींनी स्वतःसाठी १४ आणि २० घेतलेत.